मेक्सिकोच्या शेतीवर चित्रमालिका करतेय, पण सगळं मेनूकार्डासारखं दिसतंय

रंगखडू:
मंडळी, मेक्सिकोतल्या पारंपरिक शेतीवर चित्रांची मालिका करायला घेतलीये, ॲक्रिलिक आणि थोडं कोलाज. वाचन बऱ्यापैकी झालंय, मिल्पा (मिश्र पिकाचं शेत), चिनाम्पा (कालव्यांमधले गाळाचे वाफे), मक्याचे देव वगैरे, पण कॅनव्हासवर उतरलं की निवडुंग, मोठी टोपी, कवटी, झेंडू, झालं, मेक्सिकन रेस्टॉरंटचं मेनूकार्ड तयार. यातून बाहेर कसं पडायचं? आणि तिकडच्या नक्ष्या, आकृत्या आपण बाहेरच्यांनी वापरल्या तर चालतं का?

काळी_माती:
देव नि टोप्या बाजूला ठेव, शेतात काय घडतं ते काढ. मिल्पात मका, घेवडा, भोपळा एकत्र असतात, घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि मुळांवरच्या गाठींमधून जमिनीला नत्र मिळतं, भोपळ्याची पानं खाली पसरून ओल धरतात, तण दाबतात. म्हणजे कॉम्पोझिशन आयतंच आहे की, उभी रेघ, तिला वेटोळं, खाली आडवा पसारा. आणि कणीस पिकलं की बऱ्याच ठिकाणी ताट कणसाच्या खाली मोडून वाकवतात, तोडत नाहीत, मग कणीस उलटं लोंबतं, पावसाचं पाणी आत न शिरता निथळून जातं आणि दाणा शेतातच वाळतो. अख्खं शेत मान खाली घालून उभं! हे कुठल्या मेनूकार्डावर बघितलंयस?

मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या चिनाम्पा घेणार असशील तर पर्यटकांच्या त्या रंगीत होड्या नको प्लीज. कालव्यातला गाळ उपसून पसरतात, जरा घट्ट झाला की सुरीने चौकोनी वड्या पाडतात आणि एकेका वडीत बी टोचतात, ती रोपवाटिका. काठाला वाळुंजाच्या जातीची झाडं, त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला. निवडुंग काढायचाच असेल तर त्यावरच्या कोचिनील किड्यांचे पांढरट ठिपके काढ, कापसासारखे दिसतात पण चिरडले की गर्द लाल.

लिनोवाला:
वरचं पटतंय पण मला वाटतं अर्धा प्रॉब्लेम ॲक्रिलिकचा आहे. पिकावरचं चित्र पिकातूनच कर ना. मोरेलोस राज्यात तेपोस्त्लानला जुन्या मठाच्या दाराच्या कमानीवर दरवर्षी सप्टेंबरच्या उत्सवाला धान्य-बियांचं भलंमोठं चित्र बसवतात, पुढच्या वर्षी नवं. ओआहाका शहरात तर २३ डिसेंबरला भाजीचा मुळा कोरून देखावे करतात, १८९७ पासून चालूये ते. आणि फर्नांदो लापोसे या डिझायनरचं काम बघच, पुएब्लातल्या तोनाविश्त्ला गावच्या शेतकऱ्यांबरोबर देशी मक्याच्या जांभळ्या, गुलाबी, पिवळट सालींचे सपाट तुकडे करून लाकडी जडावकामासारखे फर्निचरवर नि भिंतींवर बसवतो, रंग सालीचाच. त्यातून गावात देशी वाण परत लावले गेले, हे मला जास्त भारी वाटतं.

बिया चिकटवणार असशील तर आधी दोनचार दिवस फ्रीजरमध्ये ठेव आणि बाहेर काढल्यावर पूर्ण कोरड्या होऊ दे, नाहीतर प्रदर्शनात फ्रेममधून सोंडकिडे फिरायला लागतील.

काळी_माती:
@लिनोवाला ॲक्रिलिकला कशाला शिव्या, रंगानेही होतं. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने १९२०च्या दशकात चापिंगोच्या शेतकी शाळेच्या चॅपलमध्ये काढलंय ते बघ, शेतकऱ्यांच्या क्रांतीचा नेता झपाता जमिनीखाली लाल कापडात गुंडाळलेला आणि वर मका तरारलेला. एवढंच, पण हलता येत नाही समोरून. अर्थात ते भित्तिचित्र आहे, मान्य.

उंबरठा:
दुसऱ्या प्रश्नाचं कोणी बोललंच नाही. मिल्पा काढायला कोणाची परवानगी लागत नाही, पण एखाद्या गावाची नक्षी उचलणं वेगळं. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या संस्कृती मंत्रालयाने कॅरोलिना हेरेरा या फॅशन ब्रँडला पत्र लिहून जाब विचारला होता, एका ड्रेसवर तेनांगो दे दोरिया गावच्या भरतकामातले प्राणी होते म्हणून. २०२२ मध्ये आदिवासी समाजांच्या वारशासाठी कायदाही आला तिकडे. सान पाब्लितो गावच्या ओतोमी आदिवासींच्या, झाडाच्या सालीच्या कागदातून कापलेल्या आकृत्या दिसायला मस्त असतात, पण त्यातल्या कित्येक म्हणजे बियाण्याचे आत्मे, पीक यावं म्हणून विधीत मांडतात, त्या कोलाजमध्ये कापून लावू नकोस असं माझं मत. कागद त्यांच्याकडचा विकत घे, गावाचं नाव लेबलवर लिही, आकृती तुझी काढ.

रंगखडू:
वाकवलेल्या ताटांचं कालच स्केच केलं, आडव्या कॅनव्हासवर घेतेय. कवट्या सगळ्या बाद. @लिनोवाला साली सपाट कशा करायच्या, ओल्या करून इस्त्री?

लिनोवाला:
हो, पण मंद, आणि मधे सुती कापड. मग लगेच मागून कागद चिकटव, नाहीतर परत गुंडाळतात.