मदत हवी आहे: रडताना श्वास धरणारी लेक आणि घाबरणारी आजी

लेक अडीच वर्षांची, आम्ही गुहागरकडचे. मनासारखं झालं नाही की पडवीत लोळण, मग रडता रडता श्वास धरते, ओठ निळे पडतात. चिपळूणला बालरोगतज्ज्ञांना दाखवलंय. ही फिट (आकडी) नाही, या वयात काही मुलांना होतं म्हणाले. हिमोग्लोबिन कमी निघालं, आयर्नचं सिरप सुरू आहे. झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा सांभाळल्यावर दुपारचे तमाशे कमी झाले. मोबाईल देत नाही.

अडचण संध्याकाळची. आम्ही जवळ बसून रडू ओसरू देतो, तर सासूबाई लगेच खाऊ हातात ठेवतात (निळी पडलेली नात कुणाला बघवेल!). एकत्र घर, पावसात बाहेर नेणंही कठीण. हट्ट न पुरवता त्या मिनिटभरात आजीने नेमकं काय करावं?