मदत हवी आहे: असेंब्ली फंक्शनला स्ट्रक्चर पाठवलं की सेगफॉल्ट

धागाकर्ता: पराग_०७

दोन दिवस अडकलोय, उद्या सबमिशन आहे. स्ट्रक्चरमध्ये एक्स आणि वाय असे दोन डबल (८-८ बाइटचे दशांश आकडे). सी मधून ते असेंब्लीतल्या 'अंतर' फंक्शनला पाठवतो, ते वर्गमूळ काढून परत देतं. कॉलेजच्या मशीनवर ३ आणि ४ दिले की ५ येतं. घरी सेगफॉल्ट, म्हणजे भलत्या पत्त्याला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद. कोड तोच. कृपया लवकर सांगा.

खटपट्या: कोड तोच म्हणजे अक्षर न् अक्षर? ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, कंपायलर कुठला, असेंब्लीत पहिली ओळ काय?

नीलिमा_के: कंपायलरला ओटू (कोड वेगवान करायचा पर्याय) लावून बघा. माझा असाच प्रॉब्लेम त्याने गेला होता.

खटपट्या: नीलिमाताई, ओटूने लक्षण दडतं, दुखणं राहतंच. आधी त्यांना माहिती देऊ द्या.

पराग_०७: ओटूने काही फरक नाही. दोन्हीकडे जीसीसी कंपायलरच आहे. फक्त आरसीएक्स रजिस्टरच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या) जागी आरडीआय केलं, कारण लिनक्सवर पहिलं आर्ग्युमेंट आरडीआयमध्ये येतं. पहिल्याच ओळीत आरडीआयच्या पत्त्यावरून एक्स वाचतो, तिथेच मरतं. जीडीबी डीबगरमध्ये आरडीआय १ दिसतोय. हा १ कुठून आला?

खटपट्या: आरसीएक्स होतं म्हणजे कॉलेजात विंडोज आणि मिनजीडब्ल्यू (विंडोजवरचं जीसीसी), घरी लिनक्स. हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

देवचाफा: पॉइंटर, म्हणजे स्ट्रक्चरचा पत्ता पाठवा, विषय संपवा. स्ट्रक्चर व्हॅल्यूने पाठवूच नये. वीस वर्षं एम्बेडेडमध्ये हेच करतोय.

सरिता_जोगळेकर_नव्हे: देवचाफा, सरसकट असं नको. दोन डबल रजिस्टरमधून गेले तर मेमरीला हातच लागत नाही. पॉइंटर दिला की आधी ते मेमरीत मांडावे लागतात, आणि त्या पत्त्यावर आणखी कोणी लिहील का याची धास्ती कंपायलरला राहते.

पराग, तुमचं असं झालंय. विंडोजच्या ६४-बिट नियमात १, २, ४ किंवा ८ बाइटचं स्ट्रक्चरच थेट रजिस्टरमधून जातं. तुमचं १६ बाइटचं आहे, म्हणून कॉल करणारा त्याची प्रत काढून तिचा पत्ता आरसीएक्समध्ये देतो. लिनक्सवर सिस्टिम व्ही एबीआय (फंक्शनला आर्ग्युमेंट कशी द्यायची याचा नियमसंच) लागू होतो. तो १६ बाइटपर्यंतच्या स्ट्रक्चरचे आठ-आठ बाइटचे तुकडे करून प्रत्येकाची जात बघतो. तुमचे दोन्ही तुकडे निव्वळ डबल, म्हणून दशांश आकड्यांच्या रजिस्टरांत, एक्स एक्सएमएम-० मध्ये आणि वाय एक्सएमएम-१ मध्ये आधीच बसलेले आहेत. पत्ता कुठेच नाही. आरडीआयमधला १ हा बहुतेक मेनला मिळालेला आर्गसी (कमांड लाइनवरच्या आर्ग्युमेंटची संख्या), तसाच पडून राहिलेला.

मॅकवाला: एआरएमच्या मॅकवर एकाच जातीचे चार डबल असले, म्हणजे ३२ बाइट, तरी व्ही-० ते व्ही-३ रजिस्टरांत जातात. तिकडे या भानगडी कमी.

खटपट्या: त्यांच्याकडे मॅक नाही.

गणपुले_पुणे: डिक्लरेशनवर एमएस एबीआय (विंडोजचे नियम पाळायला लावणारं) अॅट्रिब्यूट लावा, आरसीएक्सवाला कोड लिनक्सवरही चालेल.

सरिता_जोगळेकर_नव्हे: चालेल. पण तोंडी परीक्षेत कारण विचारलं तर ते सांगता यायला हवं.

अवधूत_न: स्ट्रक्चरमध्ये कॅर (एका बाइटचा प्रकार), डबल, कॅर असा क्रम असेल तर पॅडिंगने, म्हणजे कंपायलर सोडतो त्या रिकाम्या बाइटांनी, २४ बाइट होतात. दोन्ही कॅर शेजारी ठेवले की १६.

खटपट्या: त्यांच्यात कॅर नाही, पण मुद्दा कामाचा आहे. त्या १६ मध्ये बसलं की पहिला तुकडा आरडीआयमध्ये आणि डबल एक्सएमएम-० मध्ये जातो. एकच स्ट्रक्चर दोन प्रकारच्या रजिस्टरांत.

पराग_०७: झालं! वाचायच्या ओळीच काढल्या, थेट गुणाकार, बेरीज, वर्गमूळ. ५ आलं! मनापासून आभार. पण सरांनी 'रंग' नावाचा इंटही (पूर्णांक) घालायला सांगितलाय. तो घातला की उत्तर पुन्हा भलतंच.

देवचाफा: आता २४ बाइट झाले. आता तरी पॉइंटर जातो, आरडीआयमधून घ्या.

सरिता_जोगळेकर_नव्हे: नाही हो, तो विंडोजचा आणि ६४-बिट एआरएमचा नियम. इथे १६ च्या वर गेलं की अख्खं स्ट्रक्चर स्टॅकवर उतरतं. फंक्शनमध्ये शिरताच आरएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) अधिक ८ वर एक्स, १६ वर वाय, २४ वर रंग. आरएसपीवर परतीचा पत्ता असतो, म्हणून ८ पासून सुरुवात.

देवचाफा: बरोबर, माझी गल्लत झाली. आमच्याकडे सगळं एआरएम.

पराग_०७: माझ्याकडे एक्सच्या जागी कचरा येतोय, वायच्या जागी एक्स.

खटपट्या: सुरुवातीला आरबीपी रजिस्टर स्टॅकवर पुश करताय ना? मग सगळं ८ ने सरकलं. १६, २४, ३२ घ्या.

पराग_०७: हो, पुश होतं. आता तिन्ही बरोबर येतायत.