अर्धी लाल अर्धी पांढरी जर्सी आणि उलटा तारा, कुणाला माहितीय का?

शिलाईवाला_पूर्वभाग
नमस्कार मंडळी. आमचं अशोक चौकाकडं युनिफॉर्मचं छोटं युनिट हाय, शाळेचे शर्ट अन पिनो (पोरींचे बिनबाह्यांचे फ्रॉक) हेच काम. मधी एका फुटबॉल टीमच्या पोरांनी पंधरा जर्सीची ऑर्डर दिली, अर्धं अंग लाल अर्धं पांढरं, पांढऱ्या भागावर छातीला लाल तारा. फोटोत ताऱ्याचं टोक खाली होतं. आमचे काका कटिंग मास्टर, ते म्हणाले असा तारा कुठं असतोय बे, पोरांनी फोटो उलटा काढला असल, अन पंधराच्या पंधरा तारे टोक वर करून शिवून टाकले. काल पोरं न्यायला आली तर तोंडं पाडून उभी. म्हणे हा चेक देशातल्या स्लाविया प्राग फुटबॉल क्लबचा तारा हाय, टोक खालीच पायजे. काका वरून म्हणायलेत की लाल तारा म्हणजे लाल बावटा, गिरणीच्या संपातलं सगळं मला माहितीय, मला शिकवू नका. आता मला सांगा, टोक खरंच खाली असतंय का? हा कम्युनिस्टांचा क्लब हाय का? अन पोरं प्रिंट नको म्हणतेत, दोन कापडं जोडूनच शिवा असा हट्ट का?

रात्रीचा_सामना
अण्णा, चूक काकांची, पोरं बरोबर आहेत. टोक खालीच असतं. आणि लाल बावट्याचा काही संबंध नाही, स्लाविया 1892 चा क्लब आहे, तो पण आधी सायकलवाल्यांचा, फुटबॉल 1896 ला सुरू झालं. रशियातली क्रांती 1917 ची, म्हणजे तारा पंचवीस वर्षं आधीचा. क्लबवाले सांगतात पांढरा म्हणजे खेळातली निर्मळ वृत्ती आणि तारा म्हणजे नवी आशा. उलट गंमत बघा, कम्युनिस्ट राज्य आल्यावर यांचंच नाव पुसलं, 1953 ला डायनॅमो प्राग केलं, स्लाविया हे नाव परत मिळायला 1965 उजाडलं. त्या काळात टीम पार खाली घसरली, दुसऱ्या डिव्हिजनमधे पण खेळली. 1947 नंतरचं लीगचं टायटल थेट 1996 ला, पोबोर्स्की आणि श्मिट्सर होते तेव्हा. एकोणपन्नास वर्षं! आपण आयपीएलमधे दोन सीझन हरलो की टीम बदलतो.

अजून एक सांगतो, यांचा मास्तर स्कॉटलंडचा होता, जॉन मॅडन, तिथल्या सेल्टिक क्लबकडून खेळलेला. 1905 ला प्रागला आला आणि 1930 पर्यंत कोच राहिला, माघारी गेलाच नाही, 1948 ला तिथंच वारला. ओलशानी कब्रस्तानात पुरलाय, स्लावियावाले अजून जातात तिथं. प्लानिचका गोलकीपर त्याच्या हाताखालचा, 1934 च्या वर्ल्ड कप फायनलला चेकोस्लोव्हाकियाचा कॅप्टन. इटलीविरुद्ध एक्स्ट्रा टाइममधे 2-1 ने गेली ती मॅच, आणि चेकोस्लोव्हाकियाचा तो एक गोल मारणारा पुच पण स्लावियाचाच.

लेत्नाचा_पंखा
मी स्पार्टावाला, म्हणजे प्रागच्याच दुसऱ्या क्लबचा, त्यामुळं जळूनच लिहितोय 😄 1896 च्या पहिल्या डर्बीत (एकाच गावच्या दोन टीमच्या मॅचमधे) आमचा गोल मॅच संपल्यावर यांनी भांडून रद्द करून घेतला हे पण सांगा की. नंतर कित्येक वर्षं दोन्ही टीम समोरासमोर आल्याच नाहीत. आमची लाल जर्सी इंग्लंडच्या आर्सेनल क्लबची बघून घेतलेली, ते मी कबूल करतो. यांची मात्र कुणाची कॉपी नाही, तेवढं एक मान्य.

भाषेचा_किडा
जोडून शिवायचा हट्ट का, याचं उत्तर क्लबच्या टोपणनावात आहे. स्लावियावाल्यांना चेकमधे 'सेशीवनी' म्हणतात. अर्थ काय, तर 'जोडून शिवलेले'. दोन रंगांच्या कापडांची जर्सी म्हणून. आता त्या शब्दातलं 'शीव' बघा आणि आपलं 'शिवणे' बघा. हा योगायोग नाही, संस्कृतातलं सीव्यति आणि चेकमधलं शीत हे एकाच जुन्या मुळातून आलेत. म्हणजे प्रागच्या गॅलरीतला माणूस जे ओरडतो त्यातला अर्धा शब्द तुमच्या मशीनवर बसलेल्या मावशीला पण कळेल. प्रिंट मारली तर टीमचं नावच खोटं पडतं ना राव.

रात्रीचा_सामना
आयला हे माहीत नव्हतं. 2019 ला बार्सिलोनात जाऊन 0-0 केलेली मॅच जागून बघितलेली मी, कॉमेंट्रीत हा शब्द आला असल पण कानी पडला नाही.

टाका_आणि_दोरा
मी पण याच धंद्यात. मालक, आधी एक विचारतो, लाल कापड पाण्यात टाकून बघितलं का? माझ्या एका ऑर्डरला व्यापाऱ्यानं पक्का रंग म्हणून लाल दिलं आणि पहिल्या धुण्यात पांढरी बाजू गुलाबी झाली, वीस पीस अंगावर पडले. दुसरं, तारा उसवून नुसता फिरवू नका. डॉट निटला (जर्सीचं बारीक जाळीचं कापड) सुईची भोकं राहतात, आणि टोक खाली केलं की जुन्या टोकांच्या जागा नव्या ताऱ्याखाली झाकत नाहीत, पाच ठिकाणी उघड्या दिसतात. प्रेस मारून जात नाही ते.

शिलाईवाला_पूर्वभाग
सगळ्यांचे आभार. लाल कापड रात्रभर बादलीत ठेवलं, रंग नाही सुटला. ताऱ्याचं एका पीसवर करून बघितलं, टाकावाले दादा म्हणतेत तसंच झालं, भोकं दिसायलीत. मग काकांनीच मार्ग काढला. पुढची पांढरी बाजू वेगळ्या कापडाची हाय म्हणल्यावर मधली शिवण उसवायची, फक्त तेवढा पॅनल नवा लावायचा, लाल बाजू अन पाठ तशीच. प्रिंटची असती तर पंधराच्या पंधरा भंगारात गेल्या असत्या. 'सेशीवनी' वाचून दाखवल्यावर मावशी लई हसल्या. काका अजून बोलत नाहीत माझ्याशी, पण तारे खाली टोक करून स्वतःच टाचायलेत.