बीटा पडला, प्रोजेस्टेरॉन 7 होतं म्हणून का? मदत हवी आहे

रावेरची_लेक: आयव्हीएफ केलं होतं. बीटा (गरोदरपणाच्या हार्मोनची रक्त तपासणी) 118, दोन दिवसांनी 131, काल 60. औषधं बंद करायला सांगितली. एवढंच सांगा, प्रोजेस्टेरॉनचं (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन दिलं असतं तर टिकलं असतं का? सासूबाई म्हणतात, जिना चढलीस म्हणून. डॉक्टर 'पुढच्या वेळी बघू' म्हणून मोकळे.

भुसावळ_जंक्शन: वाईट झालं ताई. गर्भ गर्भाशयात सोडला (ट्रान्सफर) तो ताजा, म्हणजे फ्रेश, की गोठवलेला, म्हणजे फ्रोझन? प्रोजेस्टेरॉन कशातून घेत होतात?

केळीबाग: द्यायलाच हवं होतं. आमच्या हिला रोज तेलातलं इंजेक्शन होतं. कमरेखाली गाठी आल्या, बसता येईना, पण पोरगा आता बालवाडीत जातो.

तापीकाठ: म्हणून सगळ्यांना टोचत सुटायचं का? 48 तासांत 118 चा 131 ही वाढ फारच कमी, निदान दीडपट तरी हवी. इतक्या लवकर गर्भ पडतो त्यात बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिन्याचा काही संबंध नाही.

केळीबाग: मग आमचा पोरगा काय आपोआप झाला?

रावेरची_लेक: भांडू नका हो. फ्रोझन होतं, गर्भाशयाचं अस्तर गोळ्यांवर वाढवलेलं. प्रोजेस्टेरॉनचं योनीत लावायचं जेल आणि डायड्रोजेस्टेरॉन (तसंच काम करणाऱ्या गोळ्या) चालू होतं.

तापीकाठ: हे आधी सांगायचं ना! अशा सायकलमध्ये अंडं फुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन सगळं बाहेरूनच. म्हणजे केळीबाग अगदीच चूक नाहीत. पण जेल थेट गर्भाशयात मुरतं, रक्तात कमी दिसतं. डायड्रोजेस्टेरॉन तर त्या तपासणीत येतच नाही. नुसत्या 7 वर काही ठरवू नका. थायरॉईड केलंय का?

अमळनेरची_माय: पपई खाल्ली होती का वं माय?

रावेरची_लेक: पपईचं कोणी विचारलंय? थायरॉईड नॉर्मल.

नाशिक_अपडाऊन: सेंटर नाशिकला का? सकाळच्या गाडीला बसायला जागा मिळते का? आम्हालाही जायचंय.

भुसावळ_जंक्शन: गाडीचं नंतर. ताई, रक्तगट कोणता? पोटात एका बाजूला दुखतंय का?

रावेरची_लेक: दुखत नाही. ओ निगेटिव्ह. त्याचं काय?

भुसावळ_जंक्शन: मिस्टर पॉझिटिव्ह असतील तर अँटी-डी (पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीराने लढू नये म्हणूनचं इंजेक्शन) लागेल का, ते आजच विचारा, 72 तासांच्या आत देतात. आणि बीटा 5 च्या खाली येईपर्यंत तपासत राहा. मध्येच अडकला किंवा परत चढला तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असू शकतो. दुखलं, चक्कर आली तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

रावेरची_लेक: हे मला कोणी सांगितलंच नाही. फोन लावते.

केळीबाग: इंजेक्शनचंही विचारा.