प्रतिसाद: कर वाचतो म्हणून डॅलस?

पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने अमेरिकेत ऑफिस उघडताना कर वाचवायला टेक्सस राज्यातलं डॅलसच गाठावं, असा वरच्या चर्चेचा सूर दिसतोय. टेक्ससमध्ये व्यक्तिगत आयकर नाही हे खरं, पण तो फायदा तिथे राहणाऱ्या कर्मचाऱ्याचा. नफ्यावरचा २१ टक्के फेडरल (म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचा) कर कंपनीला कुठेही चुकत नाही.

मी आधी घड्याळ बघेन. पूर्व किनाऱ्यावरचं न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तिथली सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी साडेसहाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियाची मात्र रात्री साडेनऊला! रोज इतका वेळ पोरं थांबतील का? थांबली तरी टिकतील का?

आणि माणूस इथूनच पाठवणार असाल तर एल-१ व्हिसाचं (कंपनीने आपलाच माणूस तिथल्या ऑफिसात पाठवायचा व्हिसा) आधी बघा. नव्या ऑफिससाठी तो सुरुवातीला एकच वर्ष मिळतो आणि खरोखर जागा घेतल्याचा पुरावा लागतो, नुसत्या टपालाच्या पत्त्यावर भागत नाही. डेलावेअर राज्यात कंपनी नोंदवा हवं तर (सगळे नोंदवतात), पण ऑफिस असेल त्या राज्यातही वेगळी नोंदणी करावीच लागते.

अर्थात, तुमचे ग्राहक ह्यूस्टनचे तेलवाले असतील तर मग टेक्ससच.