८ वर्षांच्या मुलाला मुंजीत ३०-३५ हजारांचं घड्याळ घ्यावं का?

ठाणेकरीण:
नमस्कार, जरा सल्ला हवाय. मुलगा तिसरीत आहे, ८ पूर्ण झाली, मे महिन्यात मुंज धरलीये. माझ्या सासऱ्यांनी (आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो) मनात घेतलंय की नातवाला मुंजीत घड्याळ द्यायचं, आणि तेही साधंसुधं नाही, स्विस ऑटोमॅटिक (हात हलला की आपोआप चावी बसणारं), तीस-पस्तीस हजारांचं. त्यांना स्वतःला १९६९ ला मॅट्रिक झाल्यावर त्यांच्या मामांनी एचएमटी दिलं होतं, ते अजून कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलंय आणि चावी दिली की आजही टिकटिक करतं. त्यांचं म्हणणं, चांगली वस्तू एकदाच घ्यावी, पोरगा मोठा झाला तरी वापरेल, आजोबांची आठवण राहील.

मुलाला मात्र हवंय सिमकार्ड टाकून फोन करता येणारं स्मार्टवॉच, कारण त्याच्या स्कूलबसमधल्या तिघांकडे तसलं आहे आणि रोज घरी आला की तोच विषय. नवरा म्हणतो दोन्ही नको, कॅसिओचं जी-शॉक घेऊ, आपटलं तरी फुटत नाही. म्हणजे घरात तीन मतं आणि निर्णय माझ्यावर.

माझी भीती अशी की हा मुलगा या वर्षात एक स्वेटर, दोन पाण्याच्या बाटल्या आणि डब्याचे चमचे तर किती ते मोजलेच नाहीत, इतकं हरवून आलाय. घरात अडीच वर्षांची धाकटी आहे, ती हाताला लागेल ते तोंडात घालते. पैशाचा प्रश्न आहेच, पण नाना मागच्या वर्षी बरेच आजारी होते, आत्ता कुठे उठून फिरायला लागलेत आणि हे घड्याळाचं बोलताना त्यांचा चेहरा इतका फुलतो की नको म्हणायला जीभ रेटत नाही. ज्यांनी लहान मुलांना महाग घड्याळ घेतलंय किंवा ठरवून घेतलं नाही, त्यांनी प्लीज सांगा.

घड्याळवाला_कोल्हापूर:
ताई, आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आजोबांपासून, त्यामुळे आधी वस्तूबद्दल सांगतो, मग बाकीचं.

ऑटोमॅटिक घड्याळ ८ वर्षांच्या पोराला देऊ नका. किंमत हे एक कारण झालं, पण मुळात ते त्या हातासाठी बनवलेलंच नसतं. मोठ्यांच्या घड्याळाची डायल ४० मिलिमीटरच्या आसपास, पट्टा अडकवायची दोन टोकं धरली तर ४६-४७. या वयाच्या पोराचं मनगट वरून मोजलंत तर बहुतेकदा त्याहून अरुंद भरेल. मग घड्याळ दोन्ही बाजूंनी बाहेर येतं, सैल राहतं, पालथं होतं, बाकाला आपटतं. आत अर्धगोल वजन फिरत असतं, त्यानेच स्प्रिंगला चावी बसते, आणि क्रिकेट खेळताना बसणारे धक्के त्याला सोसत नाहीत. बरं, जपून कपाटात ठेवू म्हणाल तर साधारण ४० तासांत बंद पडतं आणि आतलं तेल वापरा न वापरा वर्षांनी सुकतंच. १८ व्या वर्षी काढून दिलंत तर आधी पूर्ण खोलून सर्व्हिसिंग करावं लागेल, त्याचे काही हजार वेगळे. नाना म्हणतात तसं ‘एकदाच घ्यायची वस्तू’ ती नाही.

दुसरं पाण्याचं. मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलेलं असलं की लोकांना वाटतं पोहताना चालेल. नाही चालत. ३० मीटर म्हणजे हात धुताना चार थेंब उडाले तर हरकत नाही एवढंच. पोहायला किमान १०० मीटर लिहिलेलं बघून घ्या. दर पावसाळ्यात आमच्याकडे काचेच्या आत वाफ धरलेली घड्याळं येतात, त्यात निम्मी मुलांची, आणि आईवडील सांगतात वॉटरप्रूफ म्हणून घेतलं होतं.

आणि धाकटीमुळे हे नीट वाचा. सेलवर चालणाऱ्या घड्याळाचं मागचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असेल तर पडल्यावर उघडून सेल बाहेर येऊ शकतो. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजायला सुरुवात होते, मोठा चपटा लिथियमचा असेल तर धोका सगळ्यात जास्त. म्हणून झाकण स्क्रूने बसवलेलंच घ्या, आणि सेल घरी बदलायच्या भानगडीत पडू नका.

माझ्या मते ५०० ते १५०० मधलं काट्यांचं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ, १ ते १२ आकडे मोठे छापलेले, मिनिटाचेही आकडे बाहेरच्या कडेला असले तर उत्तम. वेळेच्या बाबतीत ते महागड्या ऑटोमॅटिकपेक्षा अचूकच चालतं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, महिन्याला काही सेकंदांचा फरक पडला तर पडला. ऑटोमॅटिकला दिवसाला काही सेकंद मागेपुढे होणं चालतं असं धरूनच ते बनवतात.

नानांचं एचएमटी मात्र एकदा माझ्यासारख्या कुणाकडे न्या आणि ऑइलिंग करून घ्या. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगळुरूला घड्याळं करायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये त्यांची घड्याळांची कंपनी बंद झाली. पण चावीची घड्याळं अजून दुरुस्त होतात, जुन्या मशीनचे पार्ट मिळतात.

तिसरी_ब_च्या_बाई:
मी प्राथमिक शाळेत शिकवते, गेली १६ वर्षं, बरीचशी तिसरीलाच. माझं म्हणणं घड्याळाबद्दल कमी आणि वर्गाबद्दल जास्त आहे.

आमच्याकडे एका मुलाचं महाग घड्याळ हरवलं. मधल्या सुट्टीत हात धुवायला काढलं, नळाच्या कट्ट्यावर ठेवलं आणि विसरला. वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, आवाज चढला, आणि वरून सांगण्यात आलं की वर्गातली सगळी दप्तरं तपासा. मी तपासली. ४२ दप्तरं. आमच्या शाळेच्या मावशींचा मुलगा त्याच वर्गात होता, त्याची पाळी आली तेव्हा सगळा वर्ग मान वळवून त्याच्याकडेच बघत होता, कुणी एक शब्द बोललं नव्हतं तरी. त्याने स्वतःच कंपास उलटी करून दाखवली, डबा उघडून दाखवला, डब्यात पोळीचा लाडू होता. घड्याळ तीन दिवसांनी नळाच्या मागच्या गटारीच्या जाळीत सापडलं. त्या पोराची मी वर्गासमोर माफी मागितली, पण पुढे कित्येक दिवस तो मधल्या सुट्टीत वर्गात थांबायचाच नाही, घंटा झाली की सगळ्यात आधी बाहेर. हे मला अजून टोचतं. म्हणून पालकांना दर जूनमध्ये सांगते की शाळेत महाग वस्तू घालून पाठवू नका, ती हरवली की तुमचे पैसे जातात हे खरंच, पण चाळीस मुलांवर संशय येतो त्याचं काय.

आणि काट्यांचं घ्या याला माझा पूर्ण पाठिंबा. डिजिटलवर ४:४५ वाचता येतं पण ‘पावणेपाच’ म्हणजे काय ते कळत नाही. सव्वा, साडे, पावणे हे काट्यांवरच डोळ्यांना दिसतं, मोठा काटा नऊवर गेला की पाच वाजायला पाव कमी. दीड, अडीच तर मुलं पाठ करतात आणि गोंधळतात. ज्यांच्या हातात काट्यांचं घड्याळ असतं ती पोरं दोन आठवड्यांत सरावतात, मी दर वर्षी बघते.

नाईट_ड्यूटी_पिंपरी:
मी जरा वेगळं लिहितेय, राग मानू नका. मी नर्स आहे, नवरा कंपनीत शिफ्टला, घरी मोठं माणूस कुणी नाही. मुलगी ९ वर्षांची आहे, तिला आम्ही सिमवालं घड्याळ घेतलं, साधारण ७ हजारांचं, आणि मला त्याचा खरंच आधार वाटतो. क्लासहून निघाली की फोन करते, मी वॉर्डात असले तर एक मिस्ड कॉल देते, तेवढ्यावर माझा जीव भांड्यात पडतो. त्यामुळे सगळीच स्मार्टवॉच चैन म्हणून असतात असं नाही, कुणाची गरज असते.

पण घ्यायच्या आधी हे धरून चाला की रोज रात्री चार्जिंग करावंच लागतं, एक दिवस विसरलं की दुसऱ्या दिवशी नुसता पट्टा हातात. सिमचं रिचार्ज दर महिन्याला वेगळं. आमच्याकडे पहिलं घड्याळ सहा महिन्यांत बिघडलं आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दीड महिना नुसतं उद्या-परवा केलं, शेवटी नवीन घेतलं. ॲपलचं घेणार असाल तर मुलाला वेगळा आयफोन लागत नाही पण आईवडिलांपैकी एकाकडे तो लागतो आणि सेल्युलर मॉडेलच घ्यावं लागतं, ते मुलाच्या हातात बांधण्याइतकं स्वस्त नाही. तुमचा मुलगा स्कूलबसने जातो, घरी नाना आहेत, तर तुम्हाला गरज दिसत नाही. आणि शाळेला आधी विचारा, आमच्या शाळेत दप्तरातच ठेवायला लावतात.

श्टुटगार्टकर:
वरच्या ताईंचं पटलं, फक्त एक गोष्ट जोडतो. आम्ही जर्मनीत राहतो. इथे नोव्हेंबर २०१७ मध्ये मुलांच्या ज्या स्मार्टवॉचमधून आईवडिलांना गुपचूप आजूबाजूचं बोलणं ऐकता यायचं त्यांच्यावर बंदीच आली, सरकारी खात्याने पालकांना ती नष्ट करायला सांगितलं. कारण काही पालक वर्ग चालू असताना शिक्षकांचं बोलणं ऐकत होते. त्याच्या आदल्याच महिन्यात नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने अशी घड्याळं तपासली होती, काहींमध्ये परका माणूस शिरून मूल कुठे आहे ते बघू शकेल इतकी ढिली व्यवस्था होती. ऑनलाइन दीड-दोन हजारांत जी बिनब्रँडची ‘किड्स ट्रॅकर’ घड्याळं दिसतात त्यांचं ॲप कुणाचं, माहिती कुठल्या देशात जाते, काहीच लिहिलेलं नसतं. मुलाचा हट्ट पुरवायला म्हणून ते स्वस्तातलं घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

जी-शॉकबद्दल, तुमच्या मिस्टरांना आवडेल म्हणून सांगतो. कॅसिओच्या किकुओ इबे नावाच्या इंजिनिअरला हायस्कूलला गेल्यावर वडिलांनी घड्याळ दिलं होतं, ते एकदा हातातून निसटून पडलं आणि त्याचे तुकडे झाले. त्यावरून त्याने न फुटणारं घड्याळ करायचं मनावर घेतलं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून नमुने खाली टाकून बघायचा, दोनशेच्या आसपास फोडले, आणि १९८३ मध्ये ते बाजारात आलं. घड्याळ उत्तमच आहे, पण ८ व्या वर्षी हातावर फार जाड दिसतं. १२-१३ व्या वर्षी घ्या.

ठाणेकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंनी लिहिलेलं मी नवऱ्याला आणि नानांना मोठ्याने वाचून दाखवलं, पोळीच्या लाडवाशी आले आणि पुढे वाचवेना, नवऱ्याने मोबाइल घेऊन पूर्ण केलं. आमच्या स्कूलबसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या ताईंचा मुलगाही येतो, मला तोच डोळ्यासमोर आला. शाळेत महाग काही जाणार नाही हे तिथेच ठरलं.

मग मुलाला शांतपणे बसवून विचारलं की तुला कुणाला फोन करायचाय रे? बराच वेळ पट्टीने टेबल खरवडत बसला आणि म्हणाला, कुणाला नाही, तू ६.१२ ची लोकल पकडलीस का ते मला कळत नाही, बसमधला ओम त्याच्या आईला घड्याळावरून विचारतो. मी रोज सांगते येतेच आहे म्हणून, पण ‘येतेच’ म्हणजे किती हे त्याला कळायला काहीच नव्हतं घरात, हॉलमधलं घड्याळ त्याला अजून धड वाचता येत नाही हे मला परवा कळलं, तिसरीतला मुलगा असून. मला फार वाईट वाटलं.

आता ठरलंय ते असं. नानाच घड्याळ देणार, मुंजीतच देणार, पण काट्यांचं, हजार-बाराशेच्या आतलं, आणि दुकानात तेच त्याला घेऊन जाणार. हे त्यांना मी कसं सांगू या विचारात होते तर कोल्हापूरच्या दादांचं तेल सुकण्याचं वाचल्यावर ते स्वतःच म्हणाले, मग कशाला कपाटात मारायचं. उरलेल्या पैशाचं त्यांनी बँकेत त्याच्या नावाने टाकायचं म्हटलंय. आणि एचएमटी ऑइलिंगला देऊन आणलं. सध्या रोज सकाळी चहा झाला की नातू चावी देतो, नाना बोट धरून दाखवतात की घट्ट लागायला लागली की थांबायचं, पुढे रेटायचं नाही. काल त्याने मला नवऱ्याच्या फोनवरून विचारलं, आई आत्ता पावणेसात झालेत, तू मुलुंडला आलीस का. मी मुलुंडलाच होते.

एक शेवटचं विचारते, कोल्हापूरचे दादा असतील तर. पट्टा कुठला घेऊ? मे महिना आहे, घाम भरपूर येतो आणि त्याच्या मनगटाला लगेच पुरळ उठतं.

घड्याळवाला_कोल्हापूर:
चामड्याचा नको, घामाने कुजतो आणि वास मारतो. रबराचा खाली हवा जाऊ देत नाही, पुरळ तिथेच उठतं. एकसंध नायलॉनचा घ्या, जो घड्याळाच्या खालून आरपार जातो, एका बाजूची पिन निघाली तरी घड्याळ हातातच राहतं. आठवड्यातून एकदा साबणाने धुवा, दोन घेऊन ठेवा, दीडशे-दोनशेला मिळतो. एक बोट आत जाईल इतका सैल बांधा, आणि झोपताना काढायला लावा.