माळवदाच्या जुन्या दगडी घरावर स्लॅब टाकावा का?

बालाघाटचा_पोरगा
नमस्कार मंडळी. तुळजापूर तालुक्यात आमच्या आज्याचं घर आहे, काळ्या दगडाचं, पाच खण, भिंती अडीच फूट जाड आणि सगळ्या मातीत बांधलेल्या, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. मी पुण्यात असतो पण आई आता गावीच राहायचं म्हणते, तिचे गुडघे दुखतात म्हणून आतच कमोडचा संडास, बाथरूम, ओटा, गिझर असं सगळं पाहिजे. मिस्त्री म्हणतो माळवद काढा, आहे त्याच भिंतींवर स्लॅब टाका आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारा, मग बघायला नको. माझं मन घेत नाही. ढेळज (दारातली ओसरी), कोनाडे, सवण्यातून म्हणजे छतातल्या झरोक्यातून पडणारा उजेड, हे सगळं मला ठेवायचंय. पण १९९३ च्या भूकंपात मागचा कोपरा सुटला होता, तिथं भिंतीला अजून पोट आहे, म्हणजे ती बाहेर फुगलीय, त्यामुळं भीतीपण वाटते.

लातूरकर_सिव्हिल
दादा, स्लॅबची घाई अजिबात करू नका. तुमची भिंत अडीच फूट दिसते पण ती एक भिंत नाहीये, आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन आहेत आणि मधे माती-खडी भरलेली, दोघींना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नाहीतच. किल्लारीला तेच झालं. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, भिंती दोन्हीकडं फुटल्या आणि वरची माती अंगावर आली. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, पण भिंतीचे दगड आत पडले.
आधी वजन कमी करा. दरवर्षी गळतं म्हणून वर माती टाकत जातो ना आपण, दीड फूट थर असेल तर १० बाय १५ च्या खोलीवर साधारण १० टन होतात, ओली झाली की आणखी. मिस्त्री म्हणेल स्लॅब त्यापेक्षा हलका, ते खरंय, पण खाली भिंत सुटी असेल तर हलका स्लॅबपण एका तुकड्यात खाली येतो. स्लॅबच पाहिजे तर त्याला स्वतःचे फुटिंग-कॉलम द्या.
मग पोट आलेला भाग टेकू लावून उतरवा आणि नव्यानं बांधा. बाकी भिंतीत साधारण मीटर-मीटरवर एकेक दगड हळूच काढून आरपार भोक करायचं, वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. दारांच्या वर आणि छताखाली दोन्ही बाजूंनी तारेची जाळी आणि सिमेंटचा पट्टा, सगळे कोपरे वळवून. याला खर्च लागतो पण हाच खर्च आईच्या कामाचा आहे.

मराठवाडा_७७
माझे मामा-मामी त्या रात्री दगडाखालीच गेले. मी तर म्हणेन पाडा आणि नवीन बांधा. आठवण ठेवायची तर दार-चौकट काढून नव्या घराला लावा.

उमरग्याची_लेक
मराठवाडा दादा, तुमचं दुःख कळतंय, आमच्या गल्लीतपण माणसं गेली. पण आम्ही असंच घर ठेवलंय, मजबूत करून, आणि सासूबाई त्यात निवांत झोपतात.
सिमेंटचा गिलावा मात्र नको. आम्ही एका खोलीला मारला, दोन पावसाळ्यांत ओल वर चढली आणि पापुद्रे सुटले, कारण दगड-मातीची ओल बाहेर पडायला वाटच राहिली नाही. मग खरवडून काढला आणि दगडांमधल्या दरजा (फटी) चुन्याने भरून घेतल्या, आता कोरडं आहे. बाथरूम घराच्या भिंतीत घुसवू नका, पाइप कुठंतरी झिरपतोच आणि आतली माती हळूहळू वाहून जाते. आम्ही परसात स्वतःच्या भिंतींची वेगळी खोली काढली, मागच्या दारातून आत जाता येतं, उंबरा सपाट ठेवला, हाताला धरायला दांडी. वायरिंगला भिंतीत झिऱ्या (खाचा) मारू नका, वरून पट्टी फिरवा. सवणं ठेवा, वर काच बसवली की पाऊसपण येत नाही.

लातूरकर_सिव्हिल
ताईंचं बरोबर आहे. जाळीच्या पट्ट्यापुरतं सिमेंट लागेल, बाकी भिंत मोकळी ठेवा. आणि मराठवाडा दादा, मजबूत न केलेलं घर तसंच ठेवायला मीपण सांगणार नाही.

बालाघाटचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. स्लॅब रद्द. उन्हाळ्यात आधी माती उतरवतो, तुळयांना वाळवी किती लागलीय ते तेव्हाच दिसेल. तोवर आईची खाट मागच्या खोलीतून ढेळजेत आणायला सांगितलीय. लातूरकर दादा, पोट आलेली भिंत बघायला एकदा येऊ शकाल का?